काळ्या पट्ट्याची मुदत

मुलाला कराटेच्या वर्गात घालावयास आलेला पालक फीची चौकशी आटोपल्यावर जो दुसरा प्रश्न विचारतो, तो बहुधा ठरलेला असतो: ‘सर, ब्लॅक बेल्टला किती वर्षं लागतील?’ हाच प्रश्न पॅरिसच्या ज्युदोवर्गात आणि रिओच्या जिउ-जित्सुच्या आखाड्यातही विचारला जातो. परंतु त्याचे उत्तर देशोदेशी आणि घराण्याघराण्यांत इतके भिन्न मिळते की, ऐकणाऱ्याने संभ्रमात पडावे. जपानमधील शाळकरी ज्युदोपटू दीड-दोन वर्षांत काळा पट्टा बांधतो, कोरियातील तायक्वोंदोच्या वर्गात लहान मूल सुमारे वर्षभरातच त्या पायरीशी जाऊन पोहोचते, आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या कराटेवर्गांत चार ते सहा वर्षे हा सर्वसाधारण शिरस्ता आहे, आणि ब्राझिलियन जिउ-जित्सु शिकणाऱ्याला आठ, दहा, प्रसंगी बारा वर्षेही वाट पाहावी लागते. कापड तेच, रंग तोच, कमरेभोवती दोन वेढे देऊन मारावयाची गाठही जवळजवळ तीच. असे असता मुदतीत मात्र दसपटीचे अंतर पडावे, ही गोष्ट सहज सोडून देण्यासारखी नाही. या अंतराचा उलगडा करू गेल्यास मनुष्याच्या शिक्षणाविषयी आणि शिक्षणाच्या सनदा वाटणाऱ्या संस्थांविषयी पुष्कळ काही हाती लागते, अशी माझी खात्री झाल्यावरून हा लेख लिहिला आहे.

या पट्ट्याची कुळकथा फार प्राचीन असावी, चिनी मठांतील अथवा सामुराईंच्या गढ्यांतील एखाद्या विस्मृत विधीशी तिचा धागा जुळत असावा, असे पुष्कळांना वाटते. आणि पांढरा पट्टा घामाने व धुळीने मळत मळत अखेर काळा होतो, ही आख्यायिका तर प्रत्येक वर्गात श्रद्धेने सांगितली जाते. वस्तुस्थिती अशी की, काळा पट्टा ही एका आधुनिक शिक्षकाची कल्पना आहे आणि तिचे वय दीडशे वर्षांचेही नाही. त्या शिक्षकाचे नाव जिगोरो कानो. १८६० साली मिकागे या गावी जन्मलेला, तोक्यो विद्यापीठात शिकलेला, शरीराने लहानखुरा आणि शाळेतील दांडग्या मुलांच्या त्रासामुळे जुजुत्सुकडे वळलेला हा तरुण १८८२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तोक्योतील एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात बारा चटयांची जागा घेऊन शिकवू लागला. पहिल्या वर्षी विद्यार्थी अवघे नऊ. दिवसा गाकुशुइन या सरदारपुत्रांच्या शाळेत अध्यापन आणि रात्री भाषांतराची कामे करून कानोने त्या आखाड्याचा खर्च चालवला. मंदिराच्या जमिनीवर माणसे आपटू लागली तशा तिच्या फळ्या खचू लागल्या, शेजारच्या दालनातील मृतांच्या नावांच्या पाट्या फळीवरून कोसळू लागल्या, आणि रात्री हातात दिवा घेऊन कानोने जमिनीखाली रांगत जाऊन मोडलेले आधार स्वतः दुरुस्त करावेत, असा प्रकार वारंवार घडू लागला. अखेर भिक्षूंची सहनशक्ती संपली आणि पुढील वर्षाच्या प्रारंभीच आखाड्याला दुसरीकडे बिऱ्हाड करावे लागले. ज्या संस्थेला आज कोदोकान म्हणून जगभर ओळखतात, तिचा आरंभ हा असा आहे.

कानोच्या काळापर्यंत जपानी युद्धविद्यांच्या घराण्यांत प्रावीण्याच्या सनदा देण्याची जुनी पद्धत होती. किरिगामी, मोकुरोकु, मेनक्यो अशा नावांचे तीन-चार दाखले, आणि एका दाखल्यापासून दुसऱ्या दाखल्यापर्यंत कित्येकदा अनेक वर्षांचे अंतर. त्या अवधीत शिष्याची प्रगती किती झाली याचे गमक गुरूच्या मनाखेरीज अन्यत्र कोठेही नसे. कानो स्वतः याच पद्धतीतून आला होता. कितो घराण्याची सनद त्याला त्याचे गुरू इइकुबो यांच्याकडून १८८३ साली मिळाली. परंतु तो व्यवसायाने शिक्षक होता, आणि शिक्षकाच्या नजरेला जुन्या पद्धतीतील दोष दिसला: दोन दाखल्यांमधील अंतर इतके दीर्घ असले की विद्यार्थ्याचा उत्साह मावळतो. म्हणून बुद्धिबळासारखाच पटावर खेळल्या जाणाऱ्या ‘गो’ या खेळात, सतराव्या शतकातील होनइन्बो दोसाकु या थोर खेळाडूपासून चालत आलेली ‘दान’ची श्रेणीव्यवस्था त्याने उचलली आणि आपल्या आखाड्यास लावली. जुनी सनद ज्या वर्षी कानोच्या स्वतःच्या हाती पडली, त्याच वर्षी नव्या पद्धतीची पहिली श्रेणी त्याने आपल्या दोन शिष्यांना बहाल केली; एक तोमिता त्सुनेजिरो आणि दुसरा साइगो शिरो.

यातील साइगोचे प्रकरण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. आइझु प्रांतातील हा मुलगा १८६६ चा जन्मलेला. १८८२ साली कानोकडे आला आणि १८८३ च्या ऑगस्टात पहिल्या ‘दान’चा मानकरी झाला. म्हणजे ज्या श्रेणीसाठी आजचा ब्राझिलियन शिष्य दहा वर्षे खपतो, ती श्रेणी इतिहासात सर्वप्रथम एका सतरा वर्षांच्या मुलाने सुमारे एका वर्षात मिळवली. यावरून ती श्रेणी तेव्हा स्वस्त होती, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो मात्र सपशेल चुकेल. हाच साइगो पुढे १८८६ च्या सुमारास तोक्योच्या पोलीस खात्याने भरवलेल्या सामन्यांत जुन्या घराण्यांच्या मल्लांपुढे उभा राहिला. त्याचा ‘यामा-अराशी’ हा डाव दंतकथेचा विषय झाला. आणि तोमिताच्याच मुलाने त्याच्यावरून ‘सुगाता सान्शिरो’ ही कादंबरी लिहिली, जिच्यावर अकिरा कुरोसावाने १९४३ साली आपला पहिला चित्रपट काढला. वर्षभरात एवढी तयारी होऊ शकली याची कारणे दोन. पहिले, तो कोऱ्या पाटीने आला नव्हता. जुजुत्सुचे धडे त्याने आधीच गिरवले होते. दुसरे आणि अधिक मोलाचे कारण, तो आखाड्यातच राहत असे. पहाटे उठणे, झाडलोट, अभ्यास, सराव, पुन्हा सराव. दिवसाचा बहुतेक अवशिष्ट वेळ चटईवर, आणि समोर स्वतः कानो, नाहीतर तोमिता. असल्या एका वर्षाची बरोबरी आठवड्यातून दोन संध्याकाळ येणाऱ्याच्या एका वर्षाशी करणे हे न्यायाला धरून होणार नाही.

पट्ट्याचा काळा रंग यानंतर, १८८६ च्या सुमारास आला. श्रेणी मिळवलेले कोण आणि न मिळवलेले कोण, हे चटईवर एका नजरेत कळावे, एवढाच त्याचा हेतू. पिवळा, हिरवा, निळा असले रंग तेव्हा अस्तित्वातच नव्हते. श्रेणी मिळवण्याचा जो मार्ग कोदोकानने पुढे रूढ केला, तोही पाहण्यासारखा आहे. १८८४ पासून तेथे लाल आणि पांढऱ्या अशा दोन पक्षांचा सामना होत आला आहे; खालच्या श्रेणीचे खेळाडू आधी, वरच्या श्रेणीचे मागून, आणि जिंकणारा चटईवरच थांबून पुढच्या प्रतिस्पर्ध्याला सामोरा जातो. ओळीने पुरेसे प्रतिस्पर्धी पाडणाऱ्याला त्याच दिवशी, त्याच जागी वरची श्रेणी जाहीर होते. येथे मुदतीची अट मागे पडते आणि चटईवरचा निकाल पुढे येतो. क्यूझो मिफुने हा विसाव्या शतकातील बहुधा सर्वांत नाजूक हाताचा ज्युदोपटू १९०३ मध्ये कोदोकानात दाखल झाला आणि १९०४ मध्ये पहिल्या दानला पोहोचला. दहावे दान मात्र त्याला १९४५ साली मिळाले. पहिली पायरी काही महिन्यांची आणि पुढील नऊ पायऱ्या चाळीस वर्षांच्या, ही त्या व्यवस्थेची मूळ रचना आहे. कानोने काळा पट्टा दारात ठेवला होता. मनुष्याला मूलाक्षरे आली, आता तो खरोखर शिकावयास लायक झाला, एवढेच तो पट्टा सांगत असे. पुढील काळात जगाने तो उचलून गाभाऱ्यात नेऊन बसवला, आणि मुदतीचा सारा घोळ तेथून सुरू झाला.

कराटेची गोष्ट थोडी वेगळी आहे. ओकिनावा बेटांत ही विद्या गुप्तपणे, रात्रीच्या अंगणात, एका गुरूकडून दोन-चार शिष्यांना मिळत असे; तेथे पट्टा नव्हता, श्रेणी नव्हती, गणवेशही नव्हता. एका ‘काता’ला, म्हणजे ठरीव हालचालींच्या एका मालिकेला, तीन वर्षे द्यावीत, हा तेथील जुना दंडक. फुनाकोशी गिचिन हा शाळाशिक्षक १९२२ साली तोक्योस येऊन आपली विद्या दाखवता झाला. कानोने त्याला कोदोकानात पाचारण केले, आणि त्या प्रात्यक्षिकात त्याच्यासोबत गिमा माकोतो हा तोक्योत शिकणारा ओकिनावी तरुण उभा होता. दोनच वर्षांनी, १९२४ च्या एप्रिलात, फुनाकोशीने कानोचीच श्रेणीपद्धत स्वीकारून कराटेतील पहिली दाने दिली, त्यांत गिमाचे नाव अग्रभागी आहे. आता गिमाला काळ्या पट्ट्याला किती वर्षे लागली, असे विचाराल तर काय सांगावे? फुनाकोशीच्या दप्तरी दोन वर्षे. परंतु ओकिनावातील थोर गुरूंपाशी घालवलेली किशोरावस्थेतील वर्षे कोणत्या खाती मांडावयाची? संस्था आपल्या दारातून आत आल्याची तारीख नोंदवते. विद्येचा आरंभ त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो.

युरोपात पट्ट्यांना रंग चढले. १९३५ साली पॅरिसला येऊन स्थायिक झालेल्या कावाइशी मिकिनोसुके या ज्युदोशिक्षकाच्या ध्यानी आले की, तेथील नोकरदार, डॉक्टर, अभियंते असा प्रौढ वर्ग आठवड्यातून दोन वेळा येतो आणि पांढऱ्या पट्ट्यापासून काळ्यापर्यंतचे अंतर पुसट असल्यामुळे कंटाळून निघून जातो. त्याने मधल्या पायऱ्यांना पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी असे रंग ठरवून दिले, डावांना अनुक्रमांक लावले आणि त्याची पद्धत फ्रान्समध्ये अशी रुजली की, १९३९ मध्ये मोरिस कोत्रो हा पहिला फ्रेंच काळा पट्टा झाल्यानंतरच्या काळात तो देश ज्युदोचे दुसरे घर म्हणून ओळखला जाऊ लागला. मला या व्यवस्थेची निंदा करावयाची नाही. कानोने जी अडचण जुन्या सनदांत पाहिली, तीच कावाइशीने कानोच्या पद्धतीत पाहिली आणि तोच उपाय योजला: दोन पायऱ्यांमधील अंतर कमी केले. पण पायऱ्या वाढल्या की जिना उंच भासू लागतो. जेथे एक उडी होती तेथे सहा परीक्षा आल्या, प्रत्येक परीक्षेला तीन-चार महिन्यांचा किमान अवधी आला, त्या सर्वांची बेरीज होऊन काळा पट्टा आपोआप किमान दीड-दोन वर्षे दूर गेला, आणि एवढ्या दूर गेलेली वस्तू साहजिकच शिखरावर आहे असे वाटू लागले.

ब्राझीलमध्ये ती आणखी दूर गेली. १९०४ साली तोमिता त्सुनेजिरो, म्हणजे त्या पहिल्या दोन दानधारकांपैकी एक, अमेरिकेला गेला तेव्हा त्याच्यासोबत माएदा मित्सुयो नावाचा कोदोकानचा तरुण मल्ल होता. माएदा पुढे देशोदेशी कुस्त्या खेळत १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि ॲमेझॉनच्या मुखाजवळील बेलेम शहरी राहिला. तेथे त्याच्या हाताखाली तयार झालेल्या कार्लुस ग्रेसी या मुलापासून आणि त्याच्या भावांपासून ब्राझिलियन जिउ-जित्सुचे घराणे निर्माण झाले. या घराण्यात पट्ट्यांची आजची उतरंड १९६७ साली ग्वानाबारा राज्याच्या महासंघाच्या स्थापनेनंतर बसली. पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. प्रौढांसाठी रंग पाचच, पण प्रत्येक रंगाचा मुक्काम दीर्घ. आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम निळ्यात किमान दोन वर्षे, जांभळ्यात दीड, तपकिरीत एक, आणि काळ्यासाठी वयाची एकोणीस वर्षे पूर्ण, इतकाच आहे. त्या हिशेबाने पाच-सहा वर्षांत काम व्हावे. प्रत्यक्षात त्याला दहा लागतात. कारण बहुसंख्य आखाड्यांत परीक्षाच नसते. गुरू रोजच्या झोंबाझोंबीत पाहत राहतो, आणि जांभळ्या पट्ट्याचा शिष्य इतर जांभळ्या पट्ट्यांना सातत्याने भारी पडू लागला म्हणजे एके दिवशी, पूर्वसूचना न देता, त्याच्या कमरेला तपकिरी बांधतो. ज्याला चुकून लवकर पट्टा मिळाला, त्याचे पितळ दुसऱ्याच संध्याकाळी उघडे पडते, म्हणून गुरू घाई करीत नाही. उलट ज्याची तयारी निर्विवाद आहे, त्याला मुदतही अडवत नाही: हवाईचा बी. जे. पेन तीनेक वर्षांच्या सरावावर काळा पट्टा झाला आणि त्याच वर्षी, २००० साली, काळ्या पट्ट्यांच्या जागतिक स्पर्धेत आपल्या वजनगटात अजिंक्य ठरला. ब्राझीलबाहेरच्या कोणाला तोवर ते साधले नव्हते.

आता आपल्याकडे वळतो. कराटेचे वर्ग आपल्या शहरांत शाळांच्या सभागृहांत, गृहनिर्माण संस्थांच्या गच्चीवर, मंगल कार्यालयांच्या रिकाम्या दालनांत भरतात. पुण्यातील अशाच एका शाळेच्या सभागृहात मी एक ‘ग्रेडिंग’ पाहिली. भिंतीशी पालक खुर्च्यांवर बसलेले, मध्ये शहाबादी फरशीवर अनवाणी मुलांच्या रांगा, आणि ‘इची, नी, सान, शी’ या आकड्यांवर एकाच वेळी पडणारे चाळीस ठोसे. तपकिरी पट्ट्याचा बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा ‘हेइआन’ मालिकेतील काता करू लागला, तेव्हा त्याच्या पावलांची ठेवण, कमरेचा फिरवा, ठोशाच्या क्षणी बाहेर पडणारा श्वास हे सर्व इतके नेटके होते की, बसलेल्या पालकांचे बोलणे आपोआप थांबले. नंतर त्याला जोडीदारासमोर उभे केले. जोडीदार त्याच्याहून लहान आणि हिरव्या पट्ट्याचा. त्या लहानग्याने ठरल्याप्रमाणे ठोसा न मारता सरळ पुढे येऊन छातीला हात लावून ढकलले, आणि आमचा तपकिरी पट्ट्याचा मुलगा तीन पावले मागे जाऊन खाली बसला; चेहऱ्यावर भीती नव्हती, शुद्ध आश्चर्य होते. असे कोणी करील, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. शिक्षकांनी परीक्षा थांबवली नाही, परंतु त्या मुलाचा निकाल राखून ठेवला आणि त्याच्या आईला बाजूस बोलावून समजावले की, पुढील सहा महिने तो दर शनिवारी मोठ्या मुलांबरोबर मोकळी झुंज खेळेल, मग पाहू. आई नाराज झाली. शिक्षकांनी दाखवलेले ते धैर्य मला फार मोलाचे वाटले, कारण निकाल राखून ठेवणे म्हणजे कित्येकदा विद्यार्थी गमावणे होय, आणि शेजारच्याच पेठेत दुसरा वर्ग उघडाच असतो.

या ठिकाणी थोडा हिशेब मांडतो. आठवड्याला दोन संध्याकाळ, प्रत्येकी एक तास, सुट्ट्या-परीक्षा वगळता वर्षाचे पंचेचाळीस आठवडे: नव्वद तास. पाच वर्षांचे साडेचारशे. जपानमधील माध्यमिक शाळेच्या ज्युदोसंघातील मुलगा आठवड्याचे पाच दिवस दोन-दोन तास चटईवर असतो. तेवढ्याच आठवड्यांचे त्याचे साडेचारशे तास एका वर्षात भरतात. म्हणजे तो लवकर पोहोचला आणि आपला मुलगा रेंगाळला, असे काही झालेलेच नाही. त्याने चाललेली वाट मुळीच आखूड नाही. जिउ-जित्सुचा नोकरदार शिष्य आठवड्यातून तीनदा दीड तास आला तर वर्षाचे दोनशे आणि दहा वर्षांचे दोन हजार तास होतात. त्याचा पट्टा खरोखरच अधिक दुर्मीळ आहे. त्यातही तासातास भेद आहे. काताच्या एका तासात समोर कोणी नसते. झुंजीच्या एका तासात समोरचा मनुष्य तुमचा बेत हाणून पाडण्यासाठीच उभा असतो, आणि त्या विरोधातून जे ज्ञान होते ते अन्य कशातूनही होत नाही. कोल्हापूरच्या तालमीतील वस्ताद कोणाला पट्टा बांधीत नाही. पोराच्या जोर-बैठका पाहतो, मातीत त्याची जोडी लावतो, आणि फडात तो कोणाच्या तोडीचा ठरला ते पाहून त्याची पायरी जाणतो. तेथे वर्षे मोजण्याचा प्रश्नच कोणाला सुचत नाही. कराटेने काता सोडावी असे माझे म्हणणे नाही. शरीराचे ते व्याकरण आहे आणि चांगल्या हातांत त्याला सौंदर्यही येते. परंतु मुदत विचारणाऱ्या पालकाने वर्षांऐवजी आठवड्याचे तास विचारावेत, आणि त्यांतले झुंजीचे किती तेही विचारावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

आणि लहान मुलांच्या पट्ट्यांबद्दल तर स्पष्टच बोलले पाहिजे. कोदोकान चौदा वर्षांखालील मुलास पहिले दान देत नाही. कोरियातील कुक्कीवॉन ही १९७२ पासूनची तायक्वोंदोची मध्यवर्ती संस्था पंधरा वर्षांखालील मुलांना दानऐवजी ‘पूम’ नावाची स्वतंत्र श्रेणी देते आणि त्यांचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा ठेवते. एका वर्षात मिळणारी ती श्रेणी कितीही सोपी असो, मुलाला आणि त्याच्या आईबापांना ती खोटे आश्वासन देत नाही. आपल्याकडे मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलांना संपूर्ण काळा पट्टा बांधून, छायाचित्र काढून, चौकात फलक लावणारे वर्ग आहेत. अशा मुलाला आपण स्वतःचे रक्षण करू शकतो असे मनापासून वाटते, आणि ज्या दिवशी खरी गरज पडेल त्या दिवशी तो पळून जाण्याऐवजी उभा राहील, याची मला चिंता वाटते. दुसरा अपाय अधिक शांतपणे होतो: दहाव्या वर्षी शिखर गाठलेल्या मुलाला अकराव्या वर्षी वर्गात येण्याचे कारण उरत नाही, आणि शरीर नुकतेच शिकण्यास योग्य होऊ लागले असता त्याचे शिक्षण संपलेले असते.

संस्थेची मोजणी विद्येपासून किती दूर जाऊ शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण केइको फुकुदा यांचे आहे. कानोचे पहिले जुजुत्सुगुरू हाचिनोसुके फुकुदा यांची ही नात, १९१३ ची जन्मलेली. गुरूच्या घराशी असलेले ऋण स्मरून स्वतः कानोने तिला शिकण्यास बोलावले, आणि १९३५ मध्ये ती कोदोकानच्या महिला विभागात दाखल झाली. चणीने अतिशय लहान. लग्न केल्यास ज्युदो सोडावा लागेल हे दिसताच तिने लग्नाचा मार्ग नाकारला. १९५३ मध्ये ती पाचव्या दानला पोहोचली आणि तेथेच थांबली, कारण स्त्रियांना त्यापुढील श्रेणी देण्याचा शिरस्ता कोदोकानात नव्हता. दरम्यान १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये तिने ‘जू-नो-काता’चे प्रात्यक्षिक केले, अमेरिकेत जाऊन महाविद्यालयात शिकवले, सॅन फ्रान्सिस्कोत स्त्रियांसाठी आखाडा काढला, आणि तिच्याहून कितीतरी नंतर आलेले पुरुष तिच्या पुढून वरच्या श्रेणींत गेले. अमेरिकेतील शिष्या व सहकारी यांनी अर्ज-विनंत्या करून हा प्रश्न धसास लावला तेव्हा १९७२ साली सहावे दान मंजूर झाले. पाचव्यापासून सहाव्यापर्यंत एकोणीस वर्षे. त्या एकोणीस वर्षांत केइको फुकुदांची विद्या जागची हलली नव्हती, असे कोण म्हणू शकेल? हलले नव्हते ते दप्तर. कोदोकानने त्यांना नववे दान २००६ मध्ये दिले; दहावे, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, २०११ मध्ये अमेरिकेच्या ज्युदो संघटनेने दिले, आणि २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. कोदोकानने आजवर दहावे दान पंधरा जणांना दिले आहे. ते सर्व पुरुष आहेत.

जपानी विद्यांपैकी केंदो, म्हणजे वेळूच्या तलवारीची विद्या, या सर्व घोळातून एका अर्थी मुक्त राहिली आहे, कारण केंदोत पट्टाच नाही. समोरचा मनुष्य कोणत्या दानचा आहे हे त्याच्या पोशाखावरून कळत नाही. मुखवटा चढवून दोन ठोके झाले की कळते. श्रेणी मात्र आहेत आणि त्यांच्या मुदती कडक आहेत. पहिले दान तेराव्या वर्षापासून. दुसऱ्यासाठी त्यानंतर एक वर्ष, तिसऱ्यासाठी दोन, चौथ्यासाठी तीन, असे करीत सातव्यासाठी सहा. आणि आठव्यासाठी सातव्यानंतर दहा वर्षे व वयाची शेहेचाळीस पूर्ण. आठव्या दानची परीक्षा मे महिन्यात क्योतोस आणि नोव्हेंबरात तोक्योस भरते. दोन-दोन मिनिटांच्या दोन झुंजी, त्यांतून उतरल्यास पुन्हा दोन, मग तलवारीच्या काता. शंभरांत एखादाच उत्तीर्ण होतो. उमेदवार वयाच्या क्रमाने उभे केले जातात, पन्नाशीतले, साठीतले, सत्तरीपलीकडलेही, आणि परीक्षक बलाहून अधिक हे पाहतात की पहिला ठोका पडण्यापूर्वी दोघांमधील अंतरावर कोणाचा ताबा होता. यांतील कित्येकांनी आपले सातवे दान तरुणपणीच मिळवलेले असते आणि शेहेचाळीस पूर्ण झाल्यापासून ते ही परीक्षा देत आलेले असतात. मेमध्ये अनुत्तीर्ण झालेला शिक्षक नोव्हेंबरच्या परीक्षेचा अर्ज भरतो, आणि मधल्या सहा महिन्यांत आपल्या गावच्या शाळेतील तेरा वर्षांच्या मुलांना पहिल्या दानसाठी तयार करतो.